नंदेसरीचा ड्रायर आणि पुतण्याचा संगणक

आमच्या कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारतो. रिॲक्टरमध्ये बॅच तयार व्हायला ८ तास, सेंट्रिफ्यूजमध्ये मालातले पाणी काढायला ५ तास आणि ड्रायरमध्ये तो माल सुकायला १४ तास लागतात. तिन्ही यंत्रे दिवसरात्र चालू असतील, तर दर किती तासांनी एक बॅच बाहेर पडेल? बरेच जण बेरीज करून २७ सांगतात. थोडे हुशार असतात ते सरासरी काढायला जातात. बरोबर उत्तर १४. ड्रायर रिकामा होईपर्यंत मागचे सगळे जण माल घेऊन दारात उभे राहणार, दुसरे काय!

मग पुढचा प्रश्न. आणखी एक रिॲक्टर बसवला तर? उत्तर तरीही १४. आणखी एक ड्रायर बसवला तर? ७ नव्हे, ८. कारण आता ड्रायर दर ७ तासांना एक बॅच घ्यायला तयार आहेत, पण रिॲक्टर ८ तासांशिवाय देत नाही. अडण्याची जागा संपली नाही, ती फक्त सरकली. कारखान्याच्या भाषेत याला बॉटलनेक म्हणतात आणि तो काढायच्या कामाला डिबॉटलनेकिंग. बडोद्याहून आणंदच्या रस्त्याला बाजवा, रणोली आणि मग नंदेसरी; या पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत ज्यांच्या घरातले कोणी शिफ्टला जाते, त्यांनी हा शब्द जेवताना कधी ना कधी ऐकला असेलच.

हे सगळे आपल्या मंडळाच्या अंकात लिहायचे कारण माझा पुतण्या. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि फावल्या वेळात घरांच्या अंतर्गत सजावटीची त्रिमिती चित्रे करून देतो. दोन वर्षे शिकवण्या घेऊन त्याने ४० हजार रुपये साठवले आहेत आणि ते संगणकावरच खर्च करायचे हे त्याचे ठरलेले. दिवाळीच्या सुट्टीत तो एका विचित्र तक्रारीसह आला. "काका, माझं ग्राफिक्स कार्ड बहुतेक खराब आहे. पंचवीस वर्षांपूर्वीची टेस्टसुद्धा त्याला पूर्ण ताकदीने चालवता येत नाही."

ती टेस्ट म्हणजे थ्रीडीमार्क २००१. तुमच्यापैकी ज्यांचा जन्म त्यानंतरचा आहे त्यांच्यासाठी सांगतो. फिनलंडमधल्या एका कंपनीने १९९८ पासून ग्राफिक्स कार्ड मोजायचे हे कार्यक्रम काढायला सुरुवात केली. त्या वेळी कंपनीचे नाव फ्यूचरमार्क, मधली काही वर्षे मॅडअनियन, आणि २०१४ पासून ती अमेरिकेच्या यूएल या संस्थेकडे आहे. २००१ च्या मार्चमध्ये आलेल्या आवृत्तीत गाड्यांचा पाठलाग होता, ड्रॅगन होता, इमारतीच्या लॉबीत गोळीबार होता, आणि शेवटी 'नेचर' नावाचे दृश्य होते: गवत, झाडाची हलणारी पाने, चमकणारे पाणी. त्या काळी हे शेवटचे दृश्य बहुतेकांच्या संगणकावर सुरूच होत नसे, त्याला अगदी नवे कार्ड लागे. ज्यांच्याकडे ते चाले त्यांच्या घरी मित्रमंडळी ते बघायला जात. आता जुन्या आवृत्त्या कंपनीने मोफत ठेवल्या आहेत, त्यामुळे तरुण मुले गंमत म्हणून त्या नव्या यंत्रावर चालवून बघतात.

पुतण्याने तेच केले होते. दृश्ये सेकंदाला शेकड्यांनी फ्रेम टाकत पळत होती, गुणही डोळे दिपवणारे होते. मग बाजूला खिडकी उघडून त्याने पाहिले तर कार्ड फक्त १५ टक्के काम करत होते. त्याला वाटले, उरलेले ८५ टक्के गेले कुठे? बरे, प्रोसेसर थकला म्हणावे तर तोही ८ टक्केच दाखवत होता. दोघेही आरामात बसलेले आणि तरी फ्रेमचा आकडा एका ठिकाणी अडून राहिलेला.

मी म्हटले, ड्रायर शोध.

आता संगणकात एक चित्र कसे तयार होते ते जरा सावकाश बघू, कारण सगळी गोम तिथे आहे. पडद्यावर हलणारे दृश्य म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे. त्यातल्या एकाला फ्रेम म्हणायचे. प्रत्येक फ्रेममागे दोन कामगार असतात. पहिला प्रोसेसर. गाडी कुठे पोहोचली, कॅमेरा कुठे वळला, कोणती वस्तू दिसते आणि कोणती भिंतीमागे आहे, हे तो ठरवतो आणि मग एकेका वस्तूसाठी ग्राफिक्स कार्डला हुकूम सोडतो: हे झाड काढ, हे चाक काढ, या भिंतीला ही वीट चिकटव. या हुकमाला ड्रॉ कॉल म्हणतात. दुसरा कामगार म्हणजे ग्राफिक्स कार्ड. हुकूम आला की लाखो पिक्सेल रंगवणे एवढेच त्याचे काम, आणि ते तो हजारो हातांनी एकदम करतो.

लग्नाच्या पंगतीत जसे वाढपी आणि आचारी. वाढपी आत येऊन सांगणार, "तिसऱ्या रांगेला मसालेभात, पाचव्या रांगेला जिलबी." आचारी करून देणार. वाढपी एकच असेल आणि तो प्रत्येक पानाचा निरोप वेगळा घेऊन येत असेल, तर आत ५० आचारी उभे करून जेवण लवकर उरकत नाही. ४९ जण चुलीजवळ गप्पा मारणार.

प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करत असतो तेव्हाच कार्ड आधीची फ्रेम रंगवत असते, म्हणजे रिॲक्टर आणि ड्रायरसारखेच. त्यामुळे दोन फ्रेममधले अंतर हे दोघांच्या वेळेची बेरीज नसते, जो हळू त्याचा वेळ असतो. कल्पनेतले सोपे आकडे घेऊ. समजा २००१ मध्ये एका फ्रेमसाठी प्रोसेसरला ८ मिलिसेकंद आणि कार्डला २० मिलिसेकंद लागत होते. मग दर २० मिलिसेकंदांना एक फ्रेम, सेकंदाला ५०. कार्ड हा ड्रायर. चांगले कार्ड आणले की आकडा वाढायचा, म्हणून ती कार्डाची परीक्षा. आज प्रोसेसर १६ पट वेगवान झाला असे धरा आणि कार्ड ४०० पट. प्रोसेसरला अर्धा मिलिसेकंद, कार्डला ०.०५ मिलिसेकंद. फ्रेम दर अर्ध्या मिलिसेकंदाला, सेकंदाला २,०००. कार्ड दहा टक्के वेळ काम करते आणि नव्वद टक्के वेळ हुकमाची वाट बघते. उद्या दुप्पट वेगाचे कार्ड लावले तर? फ्रेम तेवढ्याच, २,०००. कार्ड मात्र आता पाच टक्केच काम करणार. म्हणजे महागडे कार्ड आणल्यावर टक्का खाली गेला, तर त्यात कार्डाचा दोष काहीच नाही.

कार्ड इतके पुढे गेले आणि प्रोसेसर मागे का राहिला, हा प्रश्न पुतण्याने विचारलाच, आणि तो मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग आहे. २००१ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या जीफोर्स ३ कार्डात ५ कोटी ७० लाख ट्रान्झिस्टर होते. घड्याळ २०० मेगाहर्ट्झ, एका ठोक्याला चार पिक्सेल. म्हणजे सेकंदाला कागदोपत्री ८० कोटी पिक्सेल. २०२२ च्या ऑक्टोबरात त्याच कंपनीचे आरटीएक्स ४०९० आले. त्यात ट्रान्झिस्टर ७,६३० कोटी आणि पिक्सेल त्याच मोजमापाने सेकंदाला ४०,००० कोटींच्या वर. पाचशे पट! चित्र रंगवण्याचे काम वाटून देता येते हे त्यामागचे गुपित. पडद्याचा डावा कोपरा रंगवणाऱ्याला उजव्या कोपऱ्याची वाट बघावी लागत नाही. हात वाढवा, काम वाढेल.

प्रोसेसरचे तसे नाही. त्याच्या कामातले बरेच काही एकापुढे एक असेच करावे लागते. गाडी कुठे आहे ते ठरल्याशिवाय तिची सावली कुठे पडेल ते कळत नाही. अशा कामाला हात वाढवून उपयोग नाही, एकाच हाताचा वेग वाढायला हवा. आणि तो वाढतही होता! २००० च्या अखेरीस इंटेलचा पेंटियम ४ दीड गिगाहर्ट्झला आला, २००४ च्या नोव्हेंबरात ३.८ झाला. त्याच्याच एक महिना आधी कंपनीने ४ गिगाहर्ट्झची आवृत्ती रद्द केली होती. कारण उष्णता. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडले होते की ट्रान्झिस्टर लहान करत गेलो तर त्याला लागणारी वीजही त्याच प्रमाणात कमी होते, त्यामुळे चिप गरम न होता वेग वाढवता येतो. तीस वर्षे हे गणित जमले. ट्रान्झिस्टर फारच लहान झाल्यावर बंद असतानाही त्यातून वीज गळू लागली आणि ते गणित मोडले. इंटेलचा ६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर यायला २०२३ उजाडले. म्हणजे बावीस वर्षांत घड्याळ फक्त चौपट. प्रत्येक ठोक्याला होणारे काम काही पट वाढले हे खरे, पण पाचशे पटीच्या शेजारी ते बापुडवाणेच दिसते.

वेग वाढेना म्हणून कंपन्यांनी एका चिपवर दोन, चार, आठ, सोळा कोअर बसवले. पण २००१ साली लिहिलेल्या कार्यक्रमाला हे कोअर आहेत याचा पत्ताच नाही. घरोघरच्या संगणकात तेव्हा एकच कोअर होता, लिहिणाऱ्याने तो गृहीत धरला. त्यामुळे जुनी टेस्ट एका कोअरला पिळून काढते आणि बाकीचे बसून राहतात. पुतण्याच्या ८ टक्क्यांचे कोडे इथे सुटले. त्याचा प्रोसेसर १६ धाग्यांचा आहे. त्यातला एक धागा पूर्ण भरला तर एकूण आकडा दिसतो १०० भागिले १६, म्हणजे सव्वासहा. वर इतर किरकोळ कामे धरून ८. शिवाय विंडोज ते काम एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहते, म्हणून एकही कोअर सतत शंभरावर दिसत नाही. सरासरीने फसवले. आमच्याकडेही तिन्ही यंत्रांचा मिळून वापर साठ-पासष्ट टक्के असा अहवाल निघतो, आणि तो वाचून कोणालाच कळत नाही की ड्रायरला श्वास घ्यायला फुरसत नाही.

ज्या माणसाने हे आधीच सांगून ठेवले तो आयबीएमचा जीन ॲमडाल, साल १९६७. त्याचे म्हणणे साधे आहे. १०० मिनिटांच्या कामातली ९० मिनिटे वाटून देता येत असतील आणि १० येत नसतील, तर माणसे कितीही लावा, १० मिनिटांच्या खाली जाता येणार नाही. हजार माणसे लावून दहापट सुद्धा पूर्ण मिळत नाही.

आपल्या लोकांना याचा अनुभव लवकर आला, ही गोष्ट तरुण वाचकांना माहीत असावी. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. एक भलामोठा प्रोसेसर बनवण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाचे लहान लहान प्रोसेसर जोडून काम वाटून द्यायचे, ही त्यामागची वाट. त्या कामाचे प्रमुख होते डॉ. विजय भटकर, मूळचे अकोला जिल्ह्यातले, आणि बडोदेकरांनी अभिमानाने सांगावे असे म्हणजे त्यांचे पदव्युत्तर शिक्षण आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. लहान प्रोसेसर जोडणे हा निम्माच भाग असतो. एका प्रोसेसरसाठी लिहिलेला जुना कार्यक्रम अशा यंत्रावर आपोआप वेगवान होत नाही; कामाचे तुकडे कसे पाडायचे हे बसून नव्याने लिहावे लागते. घरातल्या संगणकांपुढे हाच प्रश्न पुढे पंधरा वर्षांनी येऊन उभा राहिला.

ग्राफिक्सच्या बाजूनेही तो सोडवायचा प्रयत्न झाला. जुन्या डायरेक्टएक्समध्ये एकेका ड्रॉ कॉलमागे ड्रायव्हर बरीच तपासणी करायचा, आणि तेही मुख्यतः एकाच धाग्यावर. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर डायरेक्टएक्स १२ आले, २०१६ मध्ये व्हल्कन आले. दोन्हींत हुकूम गठ्ठ्याने लिहून ठेवता येतात आणि अनेक कोअर ते एकाच वेळी लिहू शकतात. एकाऐवजी आठ वाढपी, आणि प्रत्येकाच्या हातात रांगेची पूर्ण यादी. पण २००१ च्या टेस्टला याचा फायदा नाही. ती जुन्याच भाषेत बोलते.

जाता जाता एक मजा. थ्रीडीमार्क २००१ मध्ये विक्रम करणारे हौशी लोक अजून जगभर आहेत. ते प्रोसेसरवर उणे १९६ अंशाचा द्रव नायट्रोजन ओततात आणि मेमरीचा प्रतिसाद एकेका नॅनोसेकंदाने कमी करत बसतात. ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला मेमरीतून काही आणायला ८० नॅनोसेकंद लागले तर तेवढ्यात ४०० ठोके वाया जातात. म्हणून अशा जुन्या कामांना मोठी कॅश असलेला प्रोसेसर फार मानवतो. एएमडीने २०२२ मध्ये ९६ एमबी कॅशचा जो रायझन काढला, त्याचे कौतुक खेळ खेळणाऱ्यांत झाले ते याच कारणाने. कार्डासाठी बनवलेली परीक्षा आता प्रोसेसर आणि मेमरीची परीक्षा झाली आहे. नाव तेच, गुणपत्रिका तीच, विषय बदलला!

आता पुतण्याकडे. सांगून पटत नाही, करून पटते, म्हणून दोघांनी दोन प्रयोग केले. तुम्हीही घरी करू शकता, फुकटचे आहेत. पहिला प्रयोग रिझोल्यूशनचा. टेस्ट मुळात १०२४ बाय ७६८ वर चालते, म्हणजे ७ लाख ८६ हजार पिक्सेल. ती १९२० बाय १०८० वर नेली की पिक्सेल २० लाख ७३ हजार, अडीच पटीहून जास्त. हे जास्तीचे काम सगळे कार्डावर पडते. कार्ड जर ड्रायर असते तर फ्रेम धाडकन खाली यायला हव्या होत्या. जवळजवळ हलल्याच नाहीत. दुसरा प्रयोग उलट बाजूने. विंडोजच्या वीजबचतीच्या पर्यायांत प्रोसेसरचा कमाल वेग कमी करता येतो. तो उतरवला, आणि फ्रेम त्याच्याबरोबर खाली आल्या. कार्डाला कोणी हातही लावला नव्हता. (प्रयोगाआधी व्हीसिंक बंद आहे ना ते बघा, नाहीतर पडदा ६० हर्ट्झचा असेल तर आकडा ६० लाच अडेल आणि तुम्ही उगाच प्रोसेसरला शिव्या घालाल. आणि हलक्या कामात कार्ड वीज वाचवायला स्वतःचा वेगही उतरवते, त्यामुळे टक्केवारी आणखी फसवी होते.)

"म्हणजे कार्ड ठीक आहे. मग चाळीस हजारांचा प्रोसेसरच घेतो," पुतण्या म्हणाला.

इथे मी त्याला थांबवले. ती टेस्ट चालवून तुला पैसे मिळतात का? नाही ना. मग तुझे खरे काम लाव, आणि हेच दोन प्रश्न त्याला विचार. कारखान्यात एका मालासाठी ड्रायर अडवतो म्हणून दुसऱ्या मालासाठीही तोच अडवेल असे नसते. ज्या मालात पाणी कमी त्याला रिॲक्टर अडवतो.

त्याने एका दिवाणखान्याचे दृश्य ब्लेंडरमध्ये रेंडरला लावले. चित्र अगदी उलटे. कार्ड ९८-९९ टक्क्यांवर, पंखा घरघरतोय, प्रोसेसर शांत. इथे प्रकाशाचा एकेक किरण स्वतंत्र मोजायचा असतो, म्हणजे वाटून देण्यासारखे काम. कार्डाचे हजारो हात गुंतलेले. जुन्या टेस्टवर विश्वासून घेतलेल्या नव्या प्रोसेसरने या कामात फार तर काही सेकंद वाचले असते. पण मला खटकले ते वेगळेच. रेंडर सुरू होण्याआधी जवळपास चार मिनिटे नुसती तयारी चालली होती आणि त्या वेळात कार्डही रिकामे, प्रोसेसरही रिकामा. या वेळी मात्र दोघे खरेच रिकामे होते. डिस्कचा दिवा मात्र सारखा लुकलुकत होता. मेमरीचा आकडा पाहिला: १६ जीबीपैकी १५.६ भरलेली. शेजारी ब्राउझरच्या तीसेक खिडक्या उघड्या, सोफ्याच्या कापडाचे अवाढव्य फोटो न आकसता तसेच भरलेले. उरलेला माल विंडोज डिस्कवर नेऊन ठेवत होते आणि परत आणत होते. गोदाम भरले म्हणून माल रस्त्यावर उतरवून ठेवायचा, तसे.

ब्राउझर बंद केला, कापडाचे फोटो निम्म्या आकाराचे केले. चार मिनिटांची तयारी पन्नास सेकंदांवर आली. खर्च शून्य. पुढच्या आठवड्यात त्याने मेमरीची आणखी एक १६ जीबीची पट्टी घेतली. बाकीचे पैसे अजून बँकेत आहेत. कार्ड घ्यायचे की नाही हे तो पुढच्या तीन कामांचे वेळ वहीत लिहून मगच ठरवणार आहे. वहीत प्रत्येक रेंडरला तीन रकाने आखले आहेत, तयारी, रंगवणे, साठवणे. परवा फोन आला तर म्हणाला, "काका, आता साठवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतोय."